दहा खरी वाक्यं

शनिवार, ६ तारीख

ताई,

अक्षर ओळखलंच असशील. फाडायचं असेल तर निदान शेवटपर्यंत वाचून फाड. मावशी गुडघे धरून माझे तीन जिने चढली आणि 'मी काही तुमची पोस्टमन नाही' असं तीनदा बजावून मग पत्र न्यायला कबूल झाली. तुझा पत्ता मी तिला विचारला नाही. विचारूनही तिने सांगितला नसता.

सात वर्षं मी एक ओळ लिहिली नाही. बोलणं तू टाकलंस, मग मी का नमतं घ्यायचं, असं वाटायचं. मी जे केलं ते तुझ्या चांगल्यासाठी केलं. असो, तो विषय आज नको. मावशी म्हणते, तुला डाव्या कानाने हल्ली कमी ऐकू येतं. वयाचं असेल. माझेही दोन दात गेले.

माझं तेच चाललंय. लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, त्यात चार ते सहा मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग. खाली दिवसभर इस्त्र्या चालतात, त्यामुळे आमची फरशी बाराही महिने कोमट असते. आमच्यात कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही, कामानेच मारतात. नर्स आहे, बस ड्रायव्हर आहे, आणि एक चष्मेवाली. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम. तिशीची असेल. बोलणं जेमतेम आणि बोटांवर बारीक चिरा.

या महिन्यात आम्ही ती चिवट क्रियापदं घेतली आहेत. आपल्या भाषेत 'जाण्यापासून अडवतो', 'उशीर केल्याबद्दल माफी मागतो' असं सगळं एकमेकांना चिकटून येतं. इंग्रजीत क्रियापदाच्या पाठोपाठ एक चिमुकला शब्द सुटा उभा राहतो, ऑफ नाहीतर फॉर नाहीतर फ्रॉम, आणि मग पुढच्या क्रियेला आयएनजीची शेपटी. कोणामागे कोण यायचं हे घोकावंच लागतं. मी गृहपाठ दिला: अशी दहा क्रियापदं घ्या आणि दहा वाक्यं लिहा, पण खरी. पुस्तकातला टॉम आणि त्याची सायकल मला नको. तुमच्या घरातलं, कामावरचं लिहा, म्हणजे डोक्यात बसेल. बावीस वर्षं मी हेच सांगत आले आहे आणि त्याचा मला केवढा तोरा होता.

चष्मेवालीचं पान माझ्यासमोर आहे. बघ.

ही इन्सिस्ट्स ऑन चेकिंग माय बॅग. रोज माझी पर्स तपासायचा त्याचा आग्रह असतो. बरोबर, खूण केली. ही अक्यूजेस मी ऑफ लाफिंग विथ कस्टमर्स. बरोबर. ही प्रिव्हेंट्स मी फ्रॉम कॉलिंग माय मदर. आईला फोन करू देत नाही. फ्रॉम बरोबर, आयएनजी बरोबर, खूण. आय अपॉलजाइज फॉर स्लीपिंग. झोपल्याबद्दल मी माफी मागते. इथे तर मी समासात 'छान' लिहिलंय, लाल शाईने. आणि दहावं: आय अ‍ॅम अफ्रेड ऑफ गोइंग होम. घरी जायची भीती वाटते. तिथे मी अर्धा मार्क कापला. 'अफ्रेड' हे क्रियापद नाही ना.

मी वाचलं नाही असं नाही, ताई. मी तपासलं.

पुढचं ऐक. आमच्याकडे एक पद्धत आहे, माझीच. आठवड्यातलं सगळ्यात बिनचूक पान जिन्याजवळच्या बोर्डावर लावायचं. पन्नाशीची माणसं त्यासाठी पोरांसारखी झटतात. साडेनऊ मार्क दुसऱ्या कोणालाच नव्हते, म्हणून गुरुवारी मी तिचं पान लावलं. ती त्या दिवशी दुकानातून थेट वर्गात शिरली, बोर्डाकडे पाहिलंच नाही. तिचा नवरा रोज सहाला तिला न्यायला येतो आणि जिन्याशी उभा राहतो. नर्स तर म्हणायची, "नशीब काढलंस हो! आमच्या ह्यांना मी कुठल्या शिफ्टला आहे तेही ठाऊक नसतं." गुरुवारी तो बोर्डासमोर उभा होता. ओठ हलवत सावकाश वाचत होता. वाचून झाल्यावर हसून मला म्हणाला, "छान लिहिलंय. अर्धा मार्क कुठे गेला, मॅडम?"

मी त्याला समजावून सांगितलं. 'अफ्रेड' क्रियापद का नाही, हे मी त्या माणसाला चांगली दोन मिनिटं समजावून सांगितलं आणि ती मागे उभी राहून ऐकत होती.

काल ती वर्गाला आली नाही. दुकानातही गेली नाही म्हणे.

फोन का केला नाही असं तुला वाटेल. त्याचं काम मोबाइल दुरुस्तीचं आहे. तीन महिन्यांपूर्वी माझ्या फोनची काच त्यानेच बदलून दिली, एक दिवस ठेवून घेतला होता. तेव्हा मी त्याचे आभार मानले. आता वाटतं, त्या दिवसात त्याने आत काय घालून ठेवलं असेल कोण जाणे.

एक सहज विचारते. तुझ्याकडे चार दिवस कोणी राहील एवढी जागा आहे का? स्वयंपाकघरात काहीतरी पडलं, थांब.

मांजर होतं. मावशी घाई करते आहे.

धाकटी


मंगळवार, ९ तारीख

ताई,

मांजर नव्हतं. मला मांजरं आवडत नाहीत हे तुला ठाऊक आहे, तेव्हा तू ओळखलंच असशील.

चष्मेवाली माझ्याकडे आहे. शुक्रवारी सकाळी आली. दार उघडलं तर पायात घरातल्या सपाता, हातात काही नाही, आणि उजव्या हाताची दोन बोटं अशी सुजलेली की मूठ मिटत नव्हती. फोन मुद्दाम घरी ठेवून आली होती, तेवढं शहाणपण तिला होतं. मी म्हटलं, "अगं, काय झालं?" तर म्हणाली, "मॅडम, तुम्ही बोर्डावर का लावलंत?" एवढंच विचारलं. मग खुर्चीत बसून दोन तास झोपली. उठल्यावर झोपल्याबद्दल माझी माफी मागितली, आणि मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

तुझ्यापासून का लपवलं विचारशील. शनिवारी ते लिहायला घेतलं आणि मांजर लिहून बसले. एक बाई पिशवीशिवाय माझ्या दारात येते, हे मी तुला कोणत्या तोंडाने लिहू?

काल तो वर्गात आला. चारला पाच कमी असताना, दाढी वगैरे करून, नवी वही घेऊन. वर्गाच्या मालकांना म्हणाला, "वर्षाची फी भरलेली आहे, बायको काही दिवस माहेरी गेली आहे, तिची जागा वाया कशाला घालवायची?" मालक खूश. "शिकायची केवढी आवड!" तो तिच्याच खुर्चीवर बसला, पहिल्या रांगेत खिडकीशी. शिकवताना मी 'फ्रॉम'च्या जागी 'ऑफ' बोलले आणि बस ड्रायव्हरने मला सुधारलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

सुटल्यावर तो हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही हल्ली दोन पिशव्या दूध घेता."

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, बहीण आली आहे. हो, ताई, तुझं नाव पुढे केलं. दुसरं कोणी सुचलंच नाही. तो म्हणाला, "बरं वाटलं. नाती जपावीत."

ती दिवसभर स्वयंपाकघरात, खिडकीपासून लांब, फरशीवर बसून असते. मी पुरता गोंधळ घालेन अशी तिला भीती वाटते. म्हणत नाही, पण मी घरी आले की आधी माझ्या तोंडाकडे बघते, मी कोणाला काही बोलून तर आले नाही ना! मावशी तर तोंडावरच म्हणाली, "हिच्या तोंडात तीळ भिजत नाही, पोरी. तू दुसरीकडे सोय बघ." मावशीने काही खोटं सांगितलं नव्हतं.

धाकटी


शुक्रवार, १२ तारीख

ताई,

मावशीने तुझी चिठ्ठी दिली. 'तिला पाठव. तूही ये. दोघींना जागा आहे.' तुझा 'ये' अजून तसाच आहे, मात्रा उडालेली. मी ती चिठ्ठी किती वेळा वाचली ते सांगत नाही, तू हसशील. चष्मेवालीलाही वाचून दाखवली. ती म्हणाली, "तुमच्या ताई खूप चांगल्या आहेत." मी म्हटलं, "हो, आणि मी कशी आहे ते तिला विचार."

आधी इथलं सांगते.

बुधवारी पोलिसांत गेले. एकटीच, कारण ती यायला तयार नाही. याआधी ती दोनदा गेली होती आणि दोन्ही वेळा त्यांनी नवऱ्याला बोलावून, समजूत घालून तिला त्याच्याच स्कूटरवर बसवून दिलं. अधिकारी भला माणूस होता. सगळं ऐकलं, लिहून घेतलं आणि मग विचारलं, "त्याने तुम्हाला काही केलंय का, मॅडम?" नाही. "धमकी?" दुधाच्या पिशव्यांचं सांगितलं. सांगताना मलाच ते हास्यास्पद वाटलं. "वर्गाला बसणं हा काही गुन्हा नाही. बाईंना घेऊन या, तक्रार घेतो." घरी येऊन तिला सांगितलं, तर तिने मान हलवली आणि सुजलेली बोटं पदराखाली घेतली. मी आग्रह केला नाही. माझ्या आग्रहाचे परिणाम तिने पाहिले आहेत.

गुरुवारी त्याने गृहपाठ दिला. दहा वाक्यं, सुरेख अक्षर.

आय बिलीव्ह इन वेटिंग. वाट पाहण्यावर माझा विश्वास आहे. आय थँक माय टीचर फॉर टेलिंग द ट्रुथ. आय ड्रीम ऑफ ब्रिंगिंग हर होम. आय नेव्हर थिंक ऑफ फर्गेटिंग. विसरायचा विचारही मी करत नाही. आय विल सक्सीड इन फाइंडिंग हर.

एकही चूक नाही. मी वही पुढे ओढली, लाल पेन उचललं आणि पुन्हा पहिल्यापासून तपासलं. दहापैकी दहा द्यावे लागले. तो म्हणाला, "मॅडम, बोर्डावर नाही लावणार?" मी म्हटलं, ती पद्धत बंद केली. "का हो? चांगली होती."

सकाळी तो माझ्या इमारतीसमोरच्या किराणा दुकानाशी उभा असतो. दुपारी कधी असतो, कधी नसतो. परवा बेल वाजली. मी भोकातून पाहिलं तर तोच. मी श्वास रोखून उभी, ती स्वयंपाकघरात कपाटाच्या फटीत. चार वेळा बेल वाजवून गेला. खाली वॉचमनशी गप्पा मारून, त्याच्या मोबाइलचा आवाज नीट करून दिला. वॉचमन मला सांगतो, "देवमाणूस आहे, पैसे घेतले नाहीत."

ताई, मला त्याची भीती वाटते, पण त्याहून जास्त भीती माझी वाटते. तो ओरडत नाही, शांतपणे विचारतो. आणि कोणी शांतपणे, विश्वासाने विचारलं की मी सांगून टाकते. तुला ठाऊक आहे. भावोजींनी फोनवर आवाज चढवला नव्हता. "तुम्ही समंजस आहात, म्हणून तुम्हालाच विचारतो," एवढंच म्हणाले होते. तू तेव्हा आत माझ्या पलंगावर झोपलेली होतीस. तू आल्याचा तिसरा दिवस होता. मी म्हटलं, इथेच आहे, काळजी करू नका. मला वाटलं, घर मोडता कामा नये. नाही, तेही खोटं. मला त्यांची भीती वाटली, आणि सांगितलं की भीती जाईल असं वाटलं. गेलीही. अर्ध्या तासात त्यांची गाडी खाली आली आणि मी तुझी पिशवी भरायला मदत केली.

तुझा कान वयाने गेलेला नाही. मला माहीत आहे. मावशीने तेव्हाच सांगितलं होतं, तुला तिथून काढून दूर नेलं त्या दिवशी.

धाकटी


सोमवार, १५ तारीख

ताई,

थोडक्यात लिहिते.

बेत मावशीचा आहे. तो कुठे असेल हे आम्हाला दिवसातून फक्त दोन तास खात्रीने माहीत असतं: चार ते सहा, माझ्यासमोर. म्हणून बुधवारी परीक्षा ठेवली आहे. चारला पेपर वाटेन. सव्वाचारला मावशी तिला घेऊन माझ्या घरातून निघेल. पाचची बस. माझा फोन मी वर्गात टेबलावर चालू ठेवणार, तो बघत असेल तर बघू दे.

वेळ सोडली तर मावशीने मला बसचं काहीच सांगितलं नाही. कुठल्या स्टँडवरून, कुठल्या गावची, काही नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तू पेपर काढ." राग आला मला. मग मुकाट्याने पेपर काढायला बसले.

मी रविवारी मागून येईन, असं ठरलं आहे. कसं यायचं ते मावशी आयत्या वेळी सांगेल. तुझ्यासाठी काय आणू ते सुचत नाही. सात वर्षांत तुला काय आवडायला लागलं असेल कोण जाणे.

चष्मेवालीने आज माझा चष्मा नीट केला. डावी काडी कधीपासून सैल होती. दुखऱ्या बोटांनी, भाजी चिरायच्या सुरीच्या टोकाने स्क्रू पिळला आणि माझ्या नाकावर बसवून मागे सरून बघितलं. "आता नीट दिसेल," म्हणाली. पहिल्यांदा हसली. ही पोरगी सुखरूप पोचली पाहिजे, ताई. बाकी मला काही नको.

धाकटी


गुरुवार, १८ तारीख

ताई,

ती सुखरूप पोचली, मावशीने सांगितलं. हे पत्र मिळेल तेव्हा तुझ्या घरात कुठेतरी बसली असेल. झोपल्याबद्दल माफी मागायला लागली तर तिला रागाव.

काल काय झालं ते तिला माहीत नाही, म्हणून तुम्हा दोघींसाठी लिहिते.

चारला पेपर वाटले. तो खिडकीशी. माझी नजर घड्याळावर जाऊ नये म्हणून मी घड्याळाकडे पाठ करून बसले, तर समोरच्या कपाटाच्या काचेत तेच उलटं दिसत होतं. मनात म्हणत होते, आता जिना उतरल्या असतील, आता रिक्षा मिळाली असेल. पाचला वीस कमी असताना तो उठला. पेपर माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "झालं माझं. निघू? तुमच्या घराकडेच एक काम आहे."

घरी जाऊन ती नाही हे त्याला कळलं, की तो स्टँडवर जाणार. स्टँड दोनच आहेत गावात. मी म्हटलं, "बसा. तोंडी परीक्षा राहिली आहे."

"तोंडी? आधी कधी सांगितलं नाहीत."

"पहिल्या नंबरच्या विद्यार्थ्याची घेते. सगळ्यांनी ऐकायचं."

हे मी कुठून आणलं देव जाणे. पण त्याला पहिला नंबर आवडला. तो फळ्याशी उभा राहिला, हात मागे बांधून. बस ड्रायव्हर, नर्स, बाकीचे पेन ठेवून बघायला लागले. मी एकेक क्रियापद द्यायचं, त्याने वाक्य करायचं.

"इन्सिस्ट," मी म्हटलं.

"आय इन्सिस्ट ऑन नोइंग."

"सस्पेक्ट."

माझ्याकडे बघत म्हणाला, "आय सस्पेक्ट यू ऑफ हायडिंग समवन." कोणाला तरी लपवल्याचा मला तुमच्यावर संशय आहे. वर्गात कोणीतरी हसलं, त्यांना वाटलं गंमत चालली आहे. मीही हसले. घामाने ब्लाउज पाठीला चिकटला होता.

"वॉर्न."

"आय वॉर्न यू अगेन्स्ट लायिंग." खोटं बोलाल तर सांभाळून.

आता कोणी हसलं नाही. नर्स माझ्याकडे बघायला लागली. मी थांबले असते तर तो निघाला असता, म्हणून विचारत राहिले. थिंक, ड्रीम, थँक, ब्लेम. मला सुचत होती तेवढी सगळी विचारली, आणि प्रत्येकाला त्याने तिच्याबद्दल एक वाक्य केलं, प्रत्येक वाक्य बिनचूक. ती आईला का फोन करायची, ती दुकानात कोणाशी हसायची. नर्स ऐकत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडत गेला. नवरा न्यायला येतो म्हणून जिने तिला नशीबवान म्हटलं होतं, तीच नर्स.

पाचला सात कमी होते. तो म्हणाला, "आता मी विचारतो, मॅडम. शिक्षकांचीही परीक्षा व्हायला हवी."

"विचारा."

"कन्फेस."

अगदी हळू म्हणाला. समजूतदारपणे. भावोजींचा आवाज असाच होता. आणि ताई, तुला खरं सांगते, माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मावशी, पाचची बस, दोन स्टँड. सांगितलं की हा जाईल, छातीतली धडधड थांबेल, मी घरी जाऊन चहा पिईन. शरीरालाच ती सवय आहे. तोंड उघडलंसुद्धा.

"आय कन्फेस टू टेलिंग," मी म्हटलं. सांगितल्याची कबुली देते.

तो पुढे झुकला. "टेलिंग व्हॉट?"

"आय टोल्ड अ मॅन व्हेअर माय सिस्टर वॉज. ही केम अँड टुक हर. शी लॉस्ट हर इअर." माझी बहीण कुठे आहे ते मी एका माणसाला सांगितलं. तो येऊन तिला घेऊन गेला. तिचा कान गेला. "आय हॅव नेव्हर अपॉलजाइज्ड फॉर डुइंग इट."

त्याला काही समजलं नाही, तो म्हणाला, "मी याबद्दल नाही विचारलं." मी म्हटलं, "मला दुसरं काही माहीत नाही." आणि ते खरं होतं. बस कुठे जाते ते मला माहीत नव्हतं. मावशीला काय कळतं आणि किती कळतं ते मला तेव्हा समजलं.

नर्स उठून दारात उभी राहिली. "परीक्षा सहापर्यंत आहे ना, मॅडम? मग कोणी जायचं नाही." बस ड्रायव्हरने तिच्याजवळ खुर्ची सरकवली आणि मोठा देह घेऊन बसला. दोघांना मी काही सांगितलेलं नव्हतं. तो त्यांच्याकडे बघत राहिला, मग परत आपल्या जागी येऊन बसला. लॉन्ड्रीतून वाफेचे फुत्कार येत होते. पाच वाजून गेले.

सहाला उतरताना जिन्यात तो माझ्या बरोबरीने चालत म्हणाला, "मला घाई नाही. ती कधीतरी तुम्हाला भेटेल. नाहीतर तुम्ही तिला भेटायला जाल. तेव्हा मी तुमच्या मागे असेन."

माझं घर त्याने काल मी पोचायच्या आधीच पाहिलं असावं. कुलूप तसंच होतं, पण पायपुसणं दुसरीकडे होतं.

मावशी आज आली. माझ्यासाठी तुझं बंद पाकीट घेऊन. त्यात पत्ता आहे म्हणाली, आणि रविवारच्या बसची वेळ. तिने ते हातात ठेवलं आणि मी ते दिव्यापुढे धरून बघू शकले असते, कागद पातळ आहे. बघितलं नाही. त्याच पाकिटात हे पत्र घालायला मन झालं, पण मग ते उघडावं लागलं असतं. म्हणून ते जसंच्या तसं या पत्रासोबत परत पाठवते. फाडून टाक. मावशीलाही सांग, मी कितीही विनवणी केली तरी सांगायचं नाही. मी करेन. मला ओळखतेस तू.

मला यायचं होतं, ताई. रविवारसाठी साडीसुद्धा काढून ठेवली होती. पण मी माहीत असलेली गोष्ट पोटात ठेवू शकत नाही आणि मी निघाले की तो निघेल. एकदा मी एका माणसाला तुझ्यापर्यंत आणलं. दुसऱ्यांदा आणणार नाही.

माफी मागायची होती ती समोर बसून मागेन असं ठरवलं होतं. ते आता होत नाही. इथेच मागते. तुला त्यांच्या हवाली केल्याबद्दल मला माफ कर. पिशवी भरल्याबद्दलही.

तो आजही येणार. नर्स मला घरापर्यंत सोडणार आहे, ड्रायव्हर म्हणतो त्याची शेवटची फेरी आमच्या रस्त्याने आहे. जोवर तो माझ्या वर्गात बसला आहे तोवर तो तुमच्या दाराशी नाही. म्हणून शिकवते आहे. खूप क्रियापदं शिल्लक आहेत, मी सावकाश घेईन.

चारला दहा कमी आहेत. खाली स्कूटर थांबल्याचा आवाज आला. मला खूप भीती वाटते आहे, ताई. जाते.

तुझी धाकटी